वाचकांचे प्रश्न : हेडमास्तर व्हायचंय, मग कोणती डिग्री करू?

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की चांगल्या शिक्षकांनी मुख्याध्यापक व्हायला घाबरू नये, तर त्यावर इतकी पत्रं आली की दोन संध्याकाळी नुसत्या वाचण्यात गेल्या. बहुतेकांचा प्रश्न एकच, एम.एड. करू की एम.ए. एज्युकेशन, की मॅनेजमेंटची काही पदविका? मी स्वतः एकोणीस वर्षं वर्गात होते, नंतर अकरा वर्षं मुख्याध्यापिका, त्यामुळे जे अनुभवलं आणि नियमांत वाचलं तेच सांगते. पाच पत्रं निवडलीत, कारण पाचांच्या वाटा पाच आहेत.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. २०१० ला शिक्षणसेवक म्हणून लागलो. डी.एड. होतं, नंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि मग बी.एड. केलं. आता मुख्याध्यापक नाहीतर केंद्रप्रमुख व्हायचं मनात आहे. एम.एड. करू की एम.ए. एज्युकेशन? एम.एड.ला दोन वर्षं रजा मिळणार नाही असं सगळे म्हणतात. आमच्या शाळेत तर मुख्याध्यापकाचं पदच नाही.

सर, दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं बघा. तुम्ही २०१० ला लागलात म्हणजे आपल्याकडची पहिली टीईटी व्हायच्या आधी, आणि पत्रात तुम्ही ती पास झाल्याचं लिहिलेलं नाही. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणावर आला. त्यात पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं असं आहे, आणि ज्यांची पाच वर्षांहून कमी राहिली त्यांची नोकरी चालू राहील पण टीईटीशिवाय प्रमोशन नाही. म्हणजे तुमच्यासाठी टीईटी ही नोकरीचीही गोष्ट आहे आणि बढतीचीही. एम.एड.चं सर्टिफिकेट फाईलला लावून टीईटीची जागा भरत नाही. मला माहीत आहे की पंधरा वर्षं शिकवल्यावर परत परीक्षेला बसायचं म्हटलं की जिवावर येतं, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना तो अपमान वाटला, पण रोज एक तास काढलात तर तुमच्यासारख्याला जड नाही.

आता पद नाही म्हणालात त्याबद्दल. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे की पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असली तर मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर असली तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. तुमच्या शाळेचा पट त्याच्या खाली असेल म्हणून पद नाही, त्यात तुमची काही कमतरता नाही. पद जिथे मंजूर आहे तिथे सेवाज्येष्ठतेच्या यादीनं जावं लागतं, आणि त्या यादीत एम.एड.वाल्याला वेगळी रांग नसते.

केंद्रप्रमुखाचं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्याचं, वेगळं आहे. काही जागा बढतीनं भरतात आणि काही मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेनं, ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. तिथे पदवी, सेवेची वर्षं आणि परीक्षेचे मार्क लागतात. पुढची जाहिरात निघाली की आधी अर्हतेचा परिच्छेद दोनदा वाचा आणि मगच फॉर्म भरा. आणि अधिकारी व्हायचं मनात असेल तर शिक्षणाधिकारी आणि उपशिक्षणाधिकारी ही पदं एमपीएससीच्या राज्यसेवेतून भरली गेलीत, त्याला कुठलीही पदवी चालते, फक्त वय बघा, खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३.

एवढं सगळं झाल्यावर तुमचा मूळ प्रश्न. एनसीटीई, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम करणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या २०१४ च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचं आणि समोर बसून करायचं झालं, दूरशिक्षणानं एम.एड.ची त्या नियमांत सोयच नाही, आणि थिअरीला ८० टक्के हजेरी लागते. म्हणून कोणी तुम्हाला 'सर फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो' म्हणालं तर तिथून उठून या, पुढे चौकशी लागली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तुमच्यासाठी एम.ए. एज्युकेशन बरं, ते इग्नूमधून घरबसल्या होतं, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातूनही होतं, दोन वर्षांचं आहे आणि रजेचा प्रश्न येत नाही. फक्त प्रवेश घ्यायच्या आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी घ्या आणि पास झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्या. तोंडी 'करा की सर' यावर राहू नका, साहेब बदलतात, कागदच राहतो.

प्रश्न : बाई, मी सांगली जिल्ह्यात अनुदानित हायस्कूलला आहे, बी.एस्सी. बी.एड., सतरा वर्षं झाली. आमचे हेडमास्तर दीड वर्षात रिटायर होतायत आणि ज्येष्ठता यादीत पुढचं नाव माझं आहे. पण माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेले एक सर एम.एस्सी. आहेत आणि आता एम.एड. करतायत, आणि स्टाफरूममध्ये चर्चा आहे की जास्त शिकलेल्यालाच मॅनेजमेंट घेणार. मी पण घाईनं एम.एड.ला ॲडमिशन घेऊ का?

घाईनं मुळीच नको. मॅडम, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण सतरा वर्षं काम करून तुम्ही या काळजीनं झोप घालवताय आणि नियम तुमच्या बाजूनं आहे.

आपल्या खाजगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. नियम ३ काढून वाचा. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला काय लागतं, तर पदवी, बी.एड., आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेत किमान पाच वर्षं पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव, त्यातली दोन वर्षं बी.एड.नंतरची. बस. एम.एड. नाही, एम.एस्सी. नाही. आणि ही पात्रता असलेल्यांमधून समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला ते पद द्यायचं असं त्याच नियमात आहे.

आता ज्येष्ठता कशी मोजतात ते नियमावलीच्या अनुसूची 'फ' मध्ये आहे. त्यात 'क' प्रवर्ग बघा, एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. सोबत बी.एड. असलेले आणि बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. सोबत बी.एड. असलेले हे सगळे एकाच प्रवर्गात आहेत. तुमचं बी.एड. लागतानाच होतं, त्यामुळे त्या सरांच्या एम.एस्सी.मुळे किंवा होऊ घातलेल्या एम.एड.मुळे ते तुमच्या वर जात नाहीत. दोघांची तारीख एकच असली तर वयानं मोठा तो ज्येष्ठ, इतकं बारीक लिहिलेलं आहे. फक्त तुमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर वेगळं, त्यांना मुख्याध्यापक निवडायला कायद्यानं मोकळीक आहे, ते तपासून घ्या.

तुम्ही या दीड वर्षात करायचं ते हे की संस्थेनं ज्येष्ठता यादी फिरवली का आणि त्यावर तुमची सही आहे का ते बघा, नसेल तर लेखी मागा, आणि तारखेत किंवा प्रवर्गात चूक दिसली तर आत्ताच हरकत नोंदवा, वाद झाला तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. गोपनीय अहवाल चांगले आहेत ना तेही बघा, कारण 'समाधानकारक सेवा' या शब्दांवरून माणसं अडवली गेलेली मी पाहिलीत.

आणि तरी शिकायचं असेल तर जरूर शिका, पण खुर्ची मिळावी म्हणून नाही तर तिथे बसल्यावर हात थरथरू नयेत म्हणून. माझा पहिला दिवस सांगते. चार्ज घेतला तेव्हा हातात पडला चिंधी बांधलेला किल्ल्यांचा जुडगा, आणि टेबलावर कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जनरल रजिस्टर, डेडस्टॉक रजिस्टर, बिंदुनामावलीची फाईल. मी बीजगणित उत्तम शिकवत होते हो, पण कीर्द कशी मिटवतात हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. त्या संध्याकाळी क्लार्क गेल्यावर मी एकटी बसून बेरीज तीनदा केली आणि तीनदा दोनशे रुपयांचा फरक आला. शेवटी एक पावती दोन पानांत चिकटलेली सापडली. त्यानंतर मी मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली, आपण सगळे डीएसएम म्हणतो ती, आणि तिच्यातलं नियोजन, अभिलेख, अंदाजपत्रक, माणसांकडून काम करून घेणं हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत वापरता आलं. तुम्हाला दीड वर्ष आहे, मुक्त विद्यापीठाची यंदाची माहितीपुस्तिका बघा, किंवा इग्नूची शालेय नेतृत्व आणि व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आहे ती बघा. आणि आत्ताच्या हेडमास्तरांना सांगून पगारबिल, शालार्थ म्हणजे पगाराची ऑनलाइन प्रणाली, यू-डायस म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, ही कामं त्यांच्या शेजारी बसून शिकून घ्या, ते आनंदानं शिकवतील.

प्रश्न : हाय मॅम, मी पुण्यात सीबीएसई स्कूलला गेली नऊ वर्षं मॅथ्स शिकवते, एम.एस्सी. बी.एड. आहे, मुलगा सात वर्षांचा. मला प्रिन्सिपल व्हायचंय. एका इन्स्टिट्यूटमधून फोन येतात की एज्युकेशन मॅनेजमेंटमध्ये एमबीए करा, एका वर्षात डिग्री, फी हप्त्यानं. एम.एड.पेक्षा एमबीए जास्त मॉडर्न वाटतं. काय करू?

एका वर्षात एमबीए, तेही फोन करकरून देतायत, मला इथेच भीती वाटली. एमबीए साधारणपणे दोन वर्षांचं असतं. माझ्या एका सहकारी बाईंनी अशीच परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाची डिग्री आपल्या शहरातल्या गाळ्यातल्या सेंटरमधून घेतली होती, मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरली होती, आणि नंतर कळलं की त्या विद्यापीठाला राज्याबाहेर असं सेंटर चालवायची परवानगीच नव्हती. त्या बाई माझ्यासमोर रडल्यात, म्हणून इतकं कळकळीनं सांगतेय. दूरशिक्षण असो की ऑनलाइन, यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव, तो कोर्स आणि ते वर्ष, तिन्ही दिसल्याशिवाय एक रुपया भरू नका.

तुमची पात्रता मात्र आत्ताच चांगली आहे. सीबीएसईच्या सीनियर सेकंडरी शाळेत प्रिन्सिपलला विषयातली पदव्युत्तर पदवी, बी.एड. आणि अनुभव हा पाया आहे. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयलाही मास्टर्स आणि बी.एड. हेच मुख्य, त्यावर मग अनुभवाच्या अटी. म्हणजे कागदाच्या बाजूनं तुम्हाला एम.एड.ही लागत नाही आणि एमबीएही लागत नाही. खाजगी शाळा मुलाखतीत विचारतात ते हे की तुम्ही कोऑर्डिनेटर होतात का, टाइमटेबल केलंत का, एफिलिएशनच्या इन्स्पेक्शनची फाईल हाताळलीत का, भांडायला आलेल्या पालकाला कसं सांभाळलंत. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही मॅडम. या जूनला प्रिन्सिपलकडे जा आणि कुठलीतरी जबाबदारी मागून घ्या, परीक्षा विभाग घ्या, तिथे शाळेची सगळी नस कळते.

शिकायचं असेल तर मन लावून शिकण्यासारखं सांगते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं, म्हणजे आपल्या मुंबईत देवनारच्या टिसनं, २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू केलं ते नोकरी करणाऱ्यांना धरूनच, काही काळ कॅम्पसवर आणि बाकी घरून अभ्यास. यंदा कुठला कोर्स कुठल्या पद्धतीनं आहे ते बघून घ्या. तिथे शिकून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीशी मुलं का शिकत नाहीत यावर बोलायला बसलं की मलाच दोन गोष्टी नव्या कळतात. आणि इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनाची पदव्युत्तर पदविका पण आहे, फी परवडते, मुलगा झोपल्यावर अभ्यास होण्यासारखी आहे.

प्रश्न : मॅडम, मी रत्नागिरी जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेत प्रभारी मुख्याध्यापक आहे. पट ३१. पद नाही, भत्ता नाही, पण पोषण आहारापासून ऑनलाइन माहितीपर्यंत सगळं मीच. मला डिग्री नकोय, मला हे काम नीट करायला शिकायचंय. काही आहे का?

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तांदूळ मोजून घेणं, चव रजिस्टर, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, आणि मधेच दोन इयत्तांना एकत्र गणित, हे तुम्ही एका हातानं करताय. पद कागदावर नसलं तरी तुमच्या वाडीसाठी मुख्याध्यापक तुम्हीच आहात.

तुमच्यासाठी आहे, आणि फुकट आहे. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ मध्ये शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र झालं, त्यांचा शालेय नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे, शाळाप्रमुखांसाठीच बनवलेला. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरला मिपा आहे, शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची संस्था, तिच्या प्रशिक्षणांची पत्रं डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत येतात, आली की केंद्रप्रमुखांना सांगून नाव द्या. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे मराठी कोर्स आहेत, त्यात नेतृत्वाचे घटक आहेत. आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनाही वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत, हे तास त्यातच धरले जावेत म्हणून सर्टिफिकेटं एका फाईलला ठेवा.

कोर्स करताना एकच गोष्ट घेऊन बसा, शाळेतली एक खरी अडचण. मी एम.एड. केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं, लघुप्रबंधाला विषय घेतला नववीतल्या मुलींची गैरहजेरी. हजेरीपट घेऊन तासागणिक खुणा करत गेले तर दिसलं की दोन वाड्यांतल्या मुली सकाळी असतात आणि शेवटच्या दोन तासांना नसतात. आम्ही सगळे म्हणायचो की मुलींना अभ्यासात रस नाही. एका मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बाई, एसटी पावणेपाचची आहे आणि शाळा सुटते सव्वापाचला. एवढंच होतं हो! गणित शेवटच्या तासाला होतं ते सकाळी घेतलं, डेपोला अर्ज दिला, तीन महिन्यांनी गाडीची वेळ बदलली. त्यातली एक मुलगी आज नर्स आहे. एवढी वर्षं मी त्याच वर्गात जात होते पण तो पट असा कधी वाचला नव्हता, लघुप्रबंधामुळे वाचला. एकतीस मुलांच्या शाळेत तर तुम्हाला हे आठवड्यात दिसेल.

प्रश्न : मी नांदेडची, बी.एस्सी. झालं, वय २२. मला शिक्षणक्षेत्रात लीडर व्हायचंय. थेट एज्युकेशन लीडरशिपमध्ये मास्टर्स करून मग शाळेत वरच्या पदावर लागता येईल का? की आधी बी.एड.? घरचे म्हणतात बी.एड. एम.एड. एकत्रच करून टाक.

बाळा, आधी बी.एड. आपल्या शाळांत बी.एड.शिवाय मुख्याध्यापकपदाचं दारच उघडत नाही, आणि वर दिलेली पाच वर्षं शिकवल्याची अट तुलाही चुकणार नाही. बी.एड. एम.एड. एकत्र तीन वर्षांचा कोर्स एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत आहे, पण त्याला प्रवेशच पदव्युत्तर पदवी झालेल्यांना, म्हणजे बी.एस्सी.वर तुला तो मिळणार नाही, हे घरच्यांना दाखव. सध्या नियम बदलायच्या हालचाली पण चालू आहेत, २०२५ मध्ये एनसीटीईनं नव्या नियमांचा मसुदा काढला त्यात एक वर्षाचं एम.एड. आहे, म्हणून एम.एड.चा निर्णय आज घ्यायची तुला काही गरज नाही.

बी.एड.ची सीईटी दे आणि सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळेल असा प्रयत्न कर. मग निदान तीन वर्षं कुठल्यातरी शाळेत सातवी-आठवीचा वर्ग घे, आणि शक्य झालं तर सोबत एम.एस्सी. कर, ते तुला सीबीएसईपासून नवोदयपर्यंत सगळीकडे उपयोगी पडेल. त्यानंतरही शाळेबाहेर राहून शिक्षणाचं काम करावंसं वाटलं, संस्थेत, धोरणात, अभ्यासक्रमात, तर बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचं एम.ए. एज्युकेशन बघ, तिथे घरच्या उत्पन्नावर फीत सवलत मिळते. शिकवणं इंग्रजीतून आहे, त्याची भीती वाटत असेल तर आत्तापासून रोज इंग्रजीतलं एक पान वाच आणि मराठीत तुझ्या शब्दांत लिही, माझ्या गावाकडच्या दोन पोरी अशाच तयारी करून तिथे गेल्या.

आणि सीईटीचा फॉर्म भरताना जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, डोमिसाइल हे आधी काढून ठेव, दरवर्षी निम्म्या मुली शेवटच्या आठवड्यात तहसीलला रांगेत उभ्या असतात.